थोरल्या माळावरचा समुद्र

हुमनाबादेहून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र इतका लांब आहे की आमच्या बाजारात मीठ विकणाऱ्यालासुद्धा तो खरोखर आहे की नाही याची खात्री नसते. अख्ख्या मोगलाईला समुद्र नाही. तलाव आहेत, विहिरी आहेत, पावसाळ्यात माझ्या दुकानाचे छप्पर आहे; पण समुद्र नाही. म्हणून ज्याने समुद्र पाहिला आहे त्याला आमच्याकडे काशी करून आलेल्यापेक्षाही जरा वरचा पाट मिळतो. हुमनाबादेत असा माणूस एकच होता. तो मी.

मुंबईला मी एकदाच गेलो, लुगड्यांच्या खरेदीला. शेवटच्या दिवशी दुपारी समुद्र पाहायला म्हणून गेलो, तर समुद्र घरी नव्हता. नजर पोचेल तिथवर काळा चिखल, त्यात कलंडून पडलेल्या होड्या, चिखलात चोची खुपसणारे कावळे, आणि नाकाला धोतराचा सोगा लावावा असा वास. टोपली घेऊन बसलेल्या एका कोळणीला विचारले, "बाई, समुद्र कुठे गेला?" ती म्हणाली, "ओहोटी हाय नं. सांजच्याला ये, येल परत." सांजच्याला माझी गाडी होती. समुद्राची आणि माझी ओळख ती एवढीच.

हुमनाबादेत परतल्यावर मी ज्या माडाएवढ्या लाटा सांगत असे, त्या गाडीत शेजारी बसलेल्या एका कोकण्याच्या होत्या. पण माल कोणत्याही गिरणीचा असो, घडी मोडून दाखवणारा दुकानदारच त्याचा धनी. पुढे पुढे तर माझ्या लाटा माडाच्या वर गेल्या. गिऱ्हाईक चांगले असले तर एखादी लाट मी देवळाच्या कळसावरूनही नेत असे.

असा सगळा सुखाचा कारभार चालला असताना, मार्गशीर्षातल्या एका बाजारच्या दिवशी बोरमाळचे बसप्पा दुकानात आले. बोरमाळ हे मंठाळच्या पलीकडे, एका मोठ्या माळाच्या पोटाशी बसलेले गाव. बसप्पा तिथले जुने लिंगायत शेतकरी. गळ्यात चांदीच्या डबीतले लिंग, खांद्यावर घोंगडे. बोलायचे मराठीत, आकडेमोड कानडीत. लुगडे दाखवण्याच्या आत त्यांनी भरल्या दुकानात विचारले, "शेट, तुमी समुद्र बगितलाव न्हवं?"

"पाहिला म्हणजे काय, अप्पा! अगदी जवळून!"

"मंग चला. साक्ष द्यायची हाय. आमच्या थोरल्या माळावरनं समुद्र दिसायलाय."

दुकानातल्या सगळ्या बायकांचे हात लुगड्यांवर थांबले. येत नाही म्हणावे, तर आजवरच्या माझ्या सगळ्या लाटा त्याच जागी, त्याच गादीवर फुटल्या असत्या. मी हसून म्हणालो, "दिसायलाच हवा. उंचावरून दिसतोच." आणि टोपी घातली.

त्या दिवसांत लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते आणि मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या. कल्याणीवरून मंठाळला जाणारी आमची मोटार इतकी तापट होती की तिच्या मागच्या बाकावर बसलेल्या माणसाने कणसे आणली असती तर ती भाजून निघाली असती. चढ आला की ती थांबे. ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणे, "उतरो सेठ, गाडी कू चढाव पसंद नै." मग सगळे उतारू उतरून तिला ढकलत. उतार आला की ती आम्हाला न घेताच निघे. हुमनाबादेहून कल्याणीपर्यंत आम्ही तिच्यातून गेलो की ती आमच्याबरोबर आली, हे मला आजही नक्की सांगता यायचे नाही. एका चढावर तर आमच्या मागून निघालेली मेंढरे पुढे निघून गेली आणि त्यांतल्या एका मेंढ्याने वळून आमच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले.

मोटार ढकलता ढकलताच बसप्पांनी मला खरी गोष्ट सांगितली.

"नागाक्का म्हणून एक बाई हाय आमच्या गावात. नवरा गेला, लेकरूबाळ न्हाई. माळाच्या पल्याड तिचं वावर, अन् त्याला लागून मल्हाररावाचं. दोगांच्या मदी बांध व्हता. चिंचंपास्नं शिवंच्या दगडापत्तर, सरळ. मल्हाररावाचा नांगर दर साली त्यो बांध जरा जरा खात आला. आता बांधच न्हाई. सगळ्यावर त्याचं जवस हाय. अन् म्हणतोय, बांध हितं कवाच नव्हता, खाली नाल्यापाशी व्हता. म्हंजी बाईचं निम्मं वावर त्याचं."

"मग तुमचा काय संबंध, अप्पा?"

"त्यो बांध बगितलेला आता मी एकलाच उरलाव. मी पंचांला तसं सांगितलं. तर मल्हारराव काय म्हणतो? म्हणतो, ह्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांला माळावरनं समुद्र बी दिसतो, त्येच्या साक्षीवर काय जायलाव!"

आता हे खरे होते. थोरल्या माळावरून समुद्र दिसतो, असे बसप्पा तरुणपणापासून चावडीवर सांगत आले होते. लोक हसत, तेही हसत, आणि तंबाखूची चंची पुढे जाई. माझ्यासारखेच, फक्त त्यांनी मुंबईचा खर्च वाचवला होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालाव, दिसायलायच की. चला, दाखवतो."

पंचांनी निवाडा दिला तो असा: माळावरून समुद्र दिसला तर बसप्पांचा शब्द खरा आणि बांध चिंचेपासून, न दिसला तर बसप्पा खोटे आणि बांध नाल्यापाशी. समुद्र ओळखायला एक समुद्र पाहिलेला माणूस आणावा. असा निवाडा कोणत्याही कचेरीत मिळाला नसता. तिथे आधी समुद्राला हजर राहण्याचे फर्मान निघाले असते. बसप्पांनी एकच अट घातली होती, की माळावर जायचे ते सकाळी, जवस फुलात असताना. मल्हारराव लगेच म्हणाले होते, "मंग येळवशीच्याच दिवशी जाऊ की." एवढ्या मोकळ्या मनाने हा माणूस कबूल झाला याचे बसप्पांना जरा नवल वाटले होते. मला वाटले नाही. कारण मला तेव्हा काहीच कळले नव्हते.

मंठाळला मोटारीने आम्हाला सोडले आणि पुढे बैलगाडीने बोरमाळ गाठले. गावाच्या मागे थोरला माळ आडवा पसरला होता. तांबडा, उघडा, गवताने पिवळा पडलेला. झाड म्हणाल तर एखादी बोरीची झुडपी, तीही वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. डोंगर म्हणायला तो ठेंगणा, टेकडी म्हणायला अवाढव्य. देवाने डोंगर करायला घेतला असावा आणि वर येताना जेवायची हाक आली असावी. वेशीजवळ कमरेवर हात ठेवून एक बाई उभी होती. हीच नागाक्का. तिने मला टोपीपासून वहाणांपर्यंत निरखले.

"हेच का ते समुद्रवाले?"

"व्हय," बसप्पा म्हणाले.

"चेहरा तर कोरडाच दिसायलाय," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. बीदर-कल्याणीकडच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पण हे वाचणारा एखादा सोलापूरपलीकडचा असला तर त्याच्यासाठी लिहितो. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. प्रत्येक शेतात कडब्याची कोप (खोपटे) उभी करतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव मांडतात, आणि डोक्यावरून आणलेली आंबील (ज्वारीच्या पिठाचे आंबट ताकातले पेय) माठातून निघू लागते. आणि मग जेवण! सगळ्या भाज्या आणि हिरवे दाणे एकत्र घोटलेली भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगांच्या पोळ्या, गव्हाची खीर. या दिवशी कोपीवरून जाणाऱ्या माणसाने न जेवता पुढे जायचे नसते. ओळखीचा असो, अनोळखी असो, वैरी असो; तो उपाशी गेला तर त्या शेताचे पीक नाराज होते, अशी समजूत आहे. ही समजूत कोणत्या महापुरुषाने काढली ते ठाऊक नाही, पण तो माझ्याच पोटाचा असावा.

येळवशीच्या सकाळी आम्ही निघालो: पंच मंडळी, बसप्पा, डोक्यावर आंबिलीचा माठ घेतलेली नागाक्का, मी, आणि सगळ्यांच्या पुढे मल्हारराव. भरघोस मिशा, पांढरा फेटा, आणि आवाज असा मऊ की त्यात लोणी ठेवले तर तेच टोचले असते. "या शेट, या. आमच्या गरिबाच्या गावाला समुद्रासाठी का हुईना, पाय लागले."

माळाच्या चढाला लागण्याआधी पायवाट शेतांमधून जात होती. पहिल्याच शेतात कोपीपुढे एक गृहस्थ हात पसरून उभे होते. ते मल्हाररावांचे चुलते निघाले.

"बर्री, बर्री! ऊटा माड्री!" (या, या, जेवा.)

"आधी समुद्र, मग जेवण," बसप्पा म्हणाले.

"असं कसं अप्पा?" मल्हारराव दुखावल्यासारखे म्हणाले. "येळवशीला कोपीवरनं उपाशी जाता? पंच बी उपाशी जाणार? पिकाला काय वाटंल?"

पंचांनी पिकाच्या भावनांचा विचार केला आणि बसकण मारली. मीही बसलो. तिथून उठलो तर पुढचे शेत मल्हाररावांच्या भावाचे होते. त्याच्या पुढचे त्यांच्या साडूचे. एक कोप तर अशी होती की तिच्याभोवती शेत नव्हतेच, नुसताच खडक होता; पण आत पांडव होते आणि बाहेर भज्जी होती. तिसऱ्या कोपीपासून माझ्या धोतराची गाठ मीच सैल केली. पुढच्या कोपीत ती आपली आपण सुटली. उंडे इतके खाल्ले की चालताना ते आत एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता आणि एका कुत्र्याने माझ्या पोटाकडे पाहून गुरगुर केली.

बसप्पा घासागणिक सूर्याकडे पाहत होते. "शेट, उन्हं चढायलीत. उठा की."

"अप्पा, तोंडातला घास तरी..."

"समुद्र जातोय तिकडं!"

मला वाटले, म्हातारा चेष्टा करतोय. आंबील प्यायलेल्या पंचांपैकी दोघे बाभळीखाली आडवे झाले होते आणि त्यांच्या घोरण्याने कोपीचा कडबा हलत होता. नागाक्का माठ खाली ठेवून उभीच होती. ती कुठेच जेवली नव्हती.

"मालक," ती मल्हाररावांना म्हणाली, "एवढं वाढायलाव, माजं वावर आपल्या ताटात वाढून घ्यायच्या आदी कामून न्हाई वाढलं?"

"घ्या अक्का, तुमी बी घ्या उंडा."

"नगं. तुमच्यातलं खाल्लेलं सगळ्यांलाच जड जातंय. बगा की, पंचांला उठता बी येईना."

माळ चढायला लागलो तेव्हा सावल्या पायाखालून दुसऱ्या अंगाला सरकू लागल्या होत्या. चढ फार उभा नाही, पण पोटात अख्खे शिवार घेऊन चढणाऱ्याला तो हिमालयच. वर कुसळी गवत कमरेइतके. त्याची कुसळे माझ्या धोतरात अशी भरली की मी थांबलो तरी धोतर उभे राहत होते. आणि वारा! माळावरचा तो वारा खोटे बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही: समोरून उडत आलेली एक टिटवी बराच वेळ आमच्या डोक्यावर एकाच जागी उडत राहिली, आणि शेवटी कंटाळून पायी निघून गेली.

माळाच्या पलीकडच्या कडेला पोचलो. तिथे तांबडी जमीन एकदम संपते आणि खाली काळ्या रानाचा सखल पट्टा दूरवर पसरतो. सगळे कडेला उभे राहिले. मल्हाररावांनी खाली हात केला.

"बगा पंचहो. अप्पा, कुटं हाय समुद्र?"

खाली समुद्र नव्हता. मळकट हिरवे रान, मधे मधे काळी भुई, कुठे एखादे झाड. हिरव्यात हिरवे मिसळून गेले होते. बसप्पांचे ओठ हलले. "सकाळी व्हता," ते म्हणाले.

पंच हसले. मल्हारराव हसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले. त्यांना हसायची गरजच नव्हती. "सकाळी व्हता! मंग बांध बी सकाळीच व्हता आसंल, अप्पा. दुपारी नाल्यापाशी गेला." नागाक्काने माठ खाली ठेवला आणि त्या रानाकडे असे पाहिले, जसे गिऱ्हाईक न परवडणाऱ्या लुगड्याकडे शेवटचे पाहते.

"साक्षीदार," एक पंच माझ्याकडे वळला, "तुमी सांगा. हाय का समुद्र?"

मी खाली पाहिले. आधी लाजेने पाहिले आणि मग नीट पाहिले. काळी भुई. तिच्यात येळवशीला आलेल्या लोकांच्या बैलगाड्या, जू जमिनीला टेकून कलंडलेल्या. नाल्याच्या चिखलात कावळे. उरलेल्या आंबिलीचा आंबूस वास वाऱ्याबरोबर वर येत होता. माझ्या अंगावर काटा आला. कारण मुंबईला मी जे पाहिले होते ते हुबेहूब हेच! अख्ख्या आयुष्यात समुद्राबद्दल शपथ घेऊन सांगावी अशी माझ्याजवळ एकच गोष्ट होती, आणि ती आत्ता माझ्यासमोर पसरली होती.

"पंचहो," मी पोट सावरून म्हणालो, "समुद्र आहे. आत्ता ओहोटी आहे."

"म्हंजी?"

"समुद्र दिवसातून काही वेळ मागे जातो. मुंबईला मी स्वतः पाहिलेय. तो गेला की असेच राहते. काळा चिखल, कलंडलेल्या होड्या, कावळे. हाच वास. अगदी हाच! यात फरक असेल तर मी कापडाचा धंदा सोडतो."

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. मुंबई पाहिलेला माणूस दुसरा नव्हता. मल्हाररावांच्या मिशा पहिल्यांदाच थोड्या हलल्या.

"मंग पाणी परत कवा येतंय, शेट?"

"सकाळी," बसप्पा माझ्याआधी म्हणाले.

"मंग उद्या सकाळी परत यायचं," पंचांनी ठरवले.

"तर मंग सकाळची न्याहारी आमच्याकडं..." मल्हाररावांनी सुरुवात केली.

"उद्या येळवस न्हाई," नागाक्का म्हणाली. "उद्या कुनी बी उपाशी गेलं तरी पीक रुसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना निघालो. बसप्पांच्या घरी मला नुसता काळा चहा मिळाला होता. त्यांच्या सुनेने भाकरीचा विषय काढला तर म्हाताऱ्याने तिच्याकडे असे पाहिले की ती बिचारी परत चुलीत फुंकर घालू लागली. रिकाम्या शेतांत रिकाम्या कोपी उभ्या होत्या. गवतावर दव होते आणि थंडी अशी, की माझे दात एकमेकांशी कानडीत बोलत होते. मल्हारराव आले होते, पण आज सगळ्यांच्या मागे.

कडेला पोचलो तेव्हा ऊन नुकतेच खाली उतरत होते. आधी धुके होते. मग धुके एका बाजूने उचलले गेले, कोणीतरी ठाण उलगडावे तसे, आणि खाली समुद्र होता.

मी आजवर खूप लाटा सांगितल्या आहेत, त्यामुळे इथे मला शब्द पुरवूनच वापरावे लागतील. सखल रानभर निळे होते. पुसट नाही, आभाळाने खाली येऊन अंग टाकावे तसे निळे. आणि वाऱ्याबरोबर ते निळे हलत होते. एका कडेने वारा शिरे, निळाईत वळी उठे, ती पळत पळत दुसऱ्या कडेला जाई आणि तिथे मोडे, तोवर मागून दुसरी. जवस फुलले होते. त्याचे फूल सकाळी उघडते आणि दुपारच्या आत पाकळ्या टाकते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. पण शेतात उभ्या माणसाला ते कमरेखाली असते. वरून पाहायला इथे कोण कशाला चढतो! मुंबईला जे पाहायला गेलो होतो, ते मला बोरमाळला दिसले.

आणि मग मला ते दिसले.

निळ्या रानाच्या अलीकडच्या भागात एक मोठी चिंच उभी होती. तिच्यापासून एक पट्टा निघाला होता; फिकट, विरळ, जवळजवळ बिनफुलाचा. तो निळ्यातून सुतासारखा सरळ जात होता आणि दूर शिवेच्या उभ्या दगडापाशी संपत होता. बांध नांगरून काढला तरी बांधाची जमीन लगेच सुधारत नाही. वर्षानुवर्षे तुडवलेली, हराळीने धरलेली. तिथे जवस खुरटते. खाली, पिकात उभे राहून, ते कळत नाही. वरून, फुलात, ते आंधळ्यालाही दिसले असते.

पंचांना दिसले. एकेकाची मान चिंचेपासून दगडापर्यंत गेली आणि परत आली. नागाक्काने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, मी विचारले नाही.

बसप्पा मल्हाररावांकडे वळले. इतक्या आदराने बोलताना मी त्यांना आधी ऐकले नव्हते.

"मालक, माझ्या डोळ्यांचं सोडा. म्हाताऱ्याचे डोळे ते. तुमीच सांगा पंचांला. काय हाय ते खाली?"

"काय म्हंजी? हे तर माझं ज..."

आणि मल्हाररावांचे तोंड तसेच उघडे राहिले. त्यांची नजर चिंचेवर गेली. तिथून पट्ट्यावरून घसरत दगडापर्यंत गेली. जवस म्हणावे, तर जवसात बांध उभा होता; पंचांच्या डोळ्यांदेखत, चिंचेपासून दगडापर्यंत. समुद्र म्हणावे, तर बसप्पांचा शब्द खरा. थंडीतही त्यांच्या फेट्याखालून घामाचा एक ओघळ निघाला आणि मिशीत जाऊन थांबला.

"काय म्हणालाव, मालक?" एका पंचाने विचारले. "वाऱ्यात ऐकू आलं न्हाई."

"समुद्र," मल्हारराव म्हणाले.

"नीट बगा. जवस-बिवस तर न्हाई?"

"न्हाई म्हणालाव की! समुद्रच हाय."

"अन् ती मधली फिकट रेघ?"

सगळे माझ्याकडे वळले. साक्षीदार शेवटी मी होतो. "होडी गेली की पाण्यावर अशी रेघ राहते," मी म्हणालो. कोकण्याने ही गोष्ट मला गाडीत सांगितली होती. ती आजच उपयोगी पडली.

पंचांनी तिथेच, वाऱ्यात उभे राहून, निवाडा केला. बसप्पांचा शब्द खरा. होडी ज्या रेघेने गेली त्या रेघेवर बांध घालायचा, आणि तो मल्हाररावांनी घालून द्यायचा. रेघेच्या ज्या अंगाला नागाक्काचे वावर, त्या अंगाचा सगळा समुद्र यंदा नागाक्काने काढायचा, मळायचा आणि घरी न्यायचा. मल्हाररावांनी नुसता फेटा सारखा केला. समुद्राची मालकी सांगणार तरी कोणत्या तोंडाने!

उतरताना मी बसप्पांना गाठले. "अप्पा, खरे सांगा. ती रेघ तुम्हाला आधीपासून ठाऊक होती?"

म्हाताऱ्याने घोंगडे सारखे केले आणि माझ्याकडे इतक्या भोळेपणाने पाहिले की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटावी.

"मला काय ठावं, शेट? मी कुटं समुद्र बगितलाव? बगितलेला तुमीच."

परतीच्या मोटारीने मंठाळपासून दोनदा श्वास सोडला आणि चढावर मला नेहमीप्रमाणे उतरवले. ढकलता ढकलता मी विचार करत होतो. इतकी वर्षे मी समुद्राबद्दल जे जे फुगवून सांगितले त्याचा कोणालाही काडीचा उपयोग झाला नाही; उपयोगी पडला तो नेमका चिखल, जो मी कधीच कोणाला सांगितला नव्हता. यावरून माणसाने खरे बोलावे असे काही निघत असेल तर निघो. माझा धंदा कापडाचा आहे.

हुमनाबादेत सगळे वाट पाहत होते. "दिसतो का हो, शेट?" "दिसतो," मी म्हणालो, आणि त्या दिवसापासून थोरल्या माळाखालच्या लाटा माझ्या दुकानात माडाच्या वर जातात. तो समुद्र पाहिलेले आता अख्खे पंच आहेत, आणि मल्हाररावांसारखा वजनदार साक्षीदार आहे. मुंबईच्या समुद्राला एवढे पाठबळ कधीच नव्हते.

उन्हाळा लागताना बसप्पा पुन्हा बाजाराला आले. त्यांनी फडक्यात बांधलेले एक मडके गादीवर ठेवले. "नागाक्कानं दिलंय. समुद्रवाल्यांला द्या म्हणाली."

आत जवसाची चटणी होती. घरी भाकरीवर तेल घालून खाल्ली. बाईने मिठात आणि तिखटात हात आखडला नव्हता. तेव्हापासून गिऱ्हाईक विचारते, "शेट, समुद्र खारा असतो म्हणतात, खरं का?" तेव्हा मला कोणा कोकण्याच्या भरवशावर राहावे लागत नाही. चाखलाय, म्हणून सांगतो: खारा असतो, आणि मागाहून चांगलाच झोंबतो.